चार भाग पेंड, तीन भाग कोंडा

आमच्या तळ्यातले मासे त्या वर्षी वाढले नाहीत. का वाढले नाहीत, हे मला कार्तिकातच कळलं होतं आणि होळीपर्यंत मी ते कोणाला सांगितलं नाही. हे लिहून ठेवावं असं बरेच दिवस मनात होतं. पण वही उघडली की हात जड होतो, मग ती तशीच मिटते. आज बसले आहे.

आमचं शेत बेल्याच्या पुढे, पैनगंगेच्या अलीकडे. काळी चिकण जमीन, कापसाची. तिचा एक कोपरा खोलगट आहे आणि तिथे पावसाचं पाणी दिवाळीपर्यंत साचून राहायचं, पीक कुजायचं. हे तहसील कचेरीतून निवृत्त झाले आणि मी शाळेतून, एकाच वर्षी. आदिलाबादचं भाड्याचं घर सोडून आम्ही गावी राहायला आलो. यांनी पहिल्याच उन्हाळ्यात तो कोपरा खोदून घेतला. दुसऱ्या उन्हाळ्यात बांध घातला आणि पाऊस पडल्यावर त्यात रोहू आणि कटल्याचं बीज सोडलं. बोटाएवढे आठशे मासे.

जमीन दोघा भावांची सामायिक. कसायचे दीरच. तळ्याला त्यांचा विरोध होता आणि त्याला कारणही होतं. बांधाखालून पाणी झिरपायचं आणि त्यांची खालची चार तासं, म्हणजे चार ओळी, कपाशी पिवळी पडायची. बीज सोडायच्या आदल्या दिवशी ते आमच्या ओसरीवर आले.

“दादा, एक साल देतो,” ते म्हणाले. “होळीले मासा किलोचा भरला त तळं तुमचं. नाई भरला त मुरूम टाकून बुजवून टाकू. मंग मी तिथं तूर लावीन.”

“बोली पक्की,” हे म्हणाले.

“अन् वहिनी साक्षीदार.”

“वहिनी नुसती साक्षीदार नाही,” हे हसले. “मासे तीच वाढवणार आहे. पुस्तकं मागवून राह्यली.”

ते खरं होतं. मी पंचवीस वर्षं मराठी शाळेत विज्ञान शिकवलं, पण माशाच्या पोटात काय चालतं याची मला काही कल्पना नव्हती. पुस्तकं मागवली आणि सावकाश वाचली. आमच्या भागात जनावराचं खाणं म्हणजे सरकी. म्हशीला सरकी घाला, दूध घट्ट होतं. बैलाला घाला, अंग धरतो. तेल पोटात गेलं की जीव वाढतो, असं सगळे मानतात. मीही मानत होते. माशाचं तसं नसतं. त्याचं अंग प्रथिनांनी बांधलं जातं. बीज लहान असताना त्याला प्रथिनं जास्त लागतात, मोठं झाल्यावर शंभरात पंचवीस-तीस भाग पुरतात. तेल, चरबी लागते, पण थोडी, दहा भागांच्या आतच. ते इंधन आहे. इंधन जास्त झालं की माशाची भूक लवकर भागते, आणि प्रथिनं पोटात जायच्या आधीच तो तोंड फिरवतो. मग अंग वाढत नाही. उरलेलं तेल आतड्याभोवती चरबी होऊन बसतं. मासा बाहेरून गुटगुटीत दिसतो आणि वाढत मात्र नाही.

यांना मी हे पाटीवर चौकोन काढून समजावलं होतं. चौकोनाच्या मधे हवी ती प्रथिनं लिहायची, अठ्ठावीस. डाव्या कोपऱ्यांत भुईमुगाची पेंड चाळीस आणि धानाचा कोंडा बारा. तिरपी वजाबाकी केली की उजवीकडे सोळा आणि बारा येतात. म्हणजे चार भाग पेंड आणि तीन भाग कोंडा. पेंड घाण्याची नको, तिच्यात तेल राहतं. कारखान्याची, तेल पुरतं काढलेली हवी. हे पाटीकडे बराच वेळ पाहत राहिले. “कचेरीत इतकी वर्षं काढली, असा सरळ हिशेब एकही पाहिला नाही,” असं म्हणाले.

रोजचं काम असं होतं. खताच्या रिकाम्या पोत्यांना खालून भोकं पाडायची, ओलवलेली पेंड आणि कोंडा त्यात भरायचा आणि पाण्यात रोवलेल्या बांबूंना ती पोती बांधायची. मासे खालून तोंडाने ओढून खातात. संध्याकाळी पोतं चाचपलं की किती खाल्लं ते कळतं. पोती हे बांधायचे, कमरेएवढ्या पाण्यात उतरून. मी काठावरून मोजून द्यायची. असे सात आठवडे गेले.

पोळ्यानंतर आठव्या दिवशी हे गेले. सकाळी छातीत दुखतं म्हणाले, आदिलाबादला नेलं, दुपारपर्यंत संपलं. त्याबद्दल मी इथे जास्त लिहिणार नाही.

दहाव्याचा विधी शेतातच केला, तळ्याच्या बांधावर. पिंड ठेवले आणि कावळ्याची वाट पाहत बसलो. एकही आला नाही. ऊन चढलं. घरचे एकेक पुढे होऊन हात जोडत होते. कोणी म्हणालं, वहिनीले काही कमी पडू देणार नाई. कोणी म्हणालं, घराचं राह्यलेलं काम पुरं करू. मलाही उठवलं. मी हात जोडले, पण सांगायला काही सुचेना. शेवटी भटजी म्हणाले, पाण्यात सोडा, चालतं. दिरांनी पत्रावळ उचलली आणि पिंड तळ्यात सोडले. क्षणभर काही नाही. मग त्या जागी पाणी उकळल्यासारखं झालं. शंभर तोंडं वर आली आणि भाताचं शीतसुद्धा उरलं नाही.

“घेतलं!” दीर ओरडले. “दादानं घेतलं!”

पंचावन्न वर्षांचा माणूस गुडघ्यावर बसून रडायला लागला. तोवर त्यांच्या डोळ्यांत कोणी पाणी पाहिलं नव्हतं.

तेरावं झालं, पाहुणे गेले. तळ्यावर मी जाऊ लागले. पाण्यात उतरायला मजूर लावला, मोजायचं काम माझं. माणसं म्हणायची, बाई वर्षाच्या आत कशाला शेतात जाता. पण घरात बसून काय करणार होते? दिवसातले दोन तास तरी पेंड मोजण्यात जात.

कार्तिकात पहिल्यांदा मासे तोलले. जाळं टाकायला एक मासेमार येतो, आदिलाबादकडचा, तेलुगू बोलणारा. माझ्याशी मोडकं हिंदी बोलतो. त्याने फेकजाळं टाकलं, वीस मासे काढले. मी काट्यावर तोलले. पाव किलोच्या वर एकही नाही. अर्ध्या किलोच्या जवळ तरी असायला हवे होते.

“पेरगलेदु अम्मा,” तो मान हलवत म्हणाला. वाढले नाहीत. “खाना कम डालते क्या?”

मी कमी घालत नव्हते. उलट संध्याकाळी पोती अर्धी भरलेली असायची. मी पेंड हुंगून पाहिली, खवट नव्हती. कोंडा चाळला. पाणी बाटलीत भरून उजेडात धरलं. शाळेत मुलांना सांगायची तसं एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहिली. पंधरा दिवस गेले, पोती तशीच अर्धी. मासे उपाशी नव्हते आणि माझं खातही नव्हते. मग एका सकाळी उजाडायच्या सुमारास गेले, इतक्या लवकर पाण्यात प्राणवायू कमी पडतो का ते बघायला.

बांधावर दीर बसले होते. समोर घमेलं होतं आणि घमेल्यात ज्वारीच्या पिठाचे उंडे, तेलात मळलेले. तिळाच्या तेलाचा आणि गुळाचा वास बांधालगतच्या तुरीपर्यंत येत होता. एकेक उंडा ते हातात घेऊन हळूच पाण्यात सोडत होते, जेवायला वाढतात तसा.

“घे दादा,” ते म्हणत होते. “काल ढग आले होते बाप्पा, मले वाटलं भिजते कापूस. नाई भिजला. तुही भावजय म्हणते तेल कमी टाका, महाग झालं. म्या म्हटलं गप राह्य, तो कोरडं खाईन का? घे. वहिनी ते पोत्यातलं काई-बाई देऊन राह्यली तुले, भुसा हाय निरा. हे खा.”

पाणी उकळत होतं. घमेलं मोठं होतं.

मी तुरीआड उभी होते. पुढे होऊन सांगायचं होतं, भाऊजी, पीठ आणि तेल म्हणजे नुसतं इंधन, याने मासे वाढणार नाहीत. एवढंच वाक्य. विज्ञान शिकवलेली बाई, असली हजार वाक्यं बोलली असेन. पण दीर भावाशी बोलत होते. हयातीत दोघं फार बोलत नसत. झालं तर बांध आणि पाण्यावरून भांडण व्हायचं. आता ते त्याला ढगांचं सांगत होते. मी तशीच मागे फिरले.

घरी येऊन पाटी काढली. उंडे बंद करता येत नाहीत तर माझं प्रमाण बदलू, असं ठरवलं. कोंडा काढून टाकला, नुसती पेंड ठेवली. त्यांच्या पिठातली प्रथिनांची कमी माझ्या पोत्यातून भरून निघेल असं वाटलं. कागदावर जमत होतं. तळ्यात जमलं नाही, कारण पहाटेच पोट भरलेला मासा नऊ वाजता पोत्याकडे येतच नाही. तेव्हा मी लवकर जाऊ लागले, त्यांच्या आधी. दोन दिवस मासे पोत्यावर तुटून पडले. तिसऱ्या दिवशी दीर माझ्याही आधी येऊन बसले होते. मला पाहून त्यांनी घमेलं पाठीमागे सारलं.

“वहिनी, इतक्या सकाळी?”

“झोप येत नाही.”

“मले बी,” ते म्हणाले.

दोघं उभे राहिलो. थंडी खूप होती. आमच्याकडे मार्गशीर्षात दात वाजतात. घमेल्यातला गुळाचा वास दोघांनाही येत होता आणि दोघंही तो येत नसल्यासारखे पाण्याकडे पाहत होतो. तेव्हा सांगायला हवं होतं. मी पोती बांधायला सांगायच्या निमित्ताने मजुराला हाक मारली. तो अजून आलाच नव्हता.

थंडीत मासे एरवीही कमी खातात. पौष तसाच गेला. संक्रांतीला जाऊ तिळगूळ घेऊन आली, मागून दीर.

“वहिनी,” ते म्हणाले, “तुमचे मासे पुस्तक वाचून राह्यले का? माना खाली अन् वाढाचं नाव नाई.”

“तुमी गप बसा ना,” जाऊ म्हणाली. “ताई मोजून-मापून घालते. आपल्या म्हशीलेबी इतकं मोजून घालत नाई आपण.”

“म्हणूनच म्हस वाढली,” ते म्हणाले, आणि जावेकडे पाहून अशा काही डोळ्यांनी हसले की ती चिडून उठलीच. मग माझ्याकडे वळून जरा खालच्या आवाजात म्हणाले, “बोली ते बोली बरं का वहिनी. होळी आली.”

तळं बुजवायचं त्यांच्या मनात पक्कं होतं. त्यांच्या लेखी दोन्ही गोष्टींचा काही संबंध नव्हता. भावाला रोज जेवू घालायचं आणि होळीला भावाचं तळं बुजवायचं. मी पुष्कळ विचार केला आणि मला यात लबाडी कुठे दिसली नाही. शेतकऱ्याला चार तासं पिवळी दिसतात. ती मलाही दिसत होती.

आणि माझं काय होतं? यांच्या मागे कपडे होते, चष्मा होता, कचेरीचे कागद होते. ते सगळं पेटीत मावलं. तळं तेवढं जिवंत होतं. ते राहावं असं मला वाटत होतं, आणि ज्याने ते राहिलं असतं असं एक वाक्य माझ्याकडे होतं. रोज सकाळी ते वाक्य घेऊन मी उठायची आणि रोज ते घेऊन परत यायची. त्या महिन्यांत मी काही वाचलंही नाही. पुस्तक उघडलं तरी डोळे ओळीवरून नुसते घसरायचे.

होळीच्या आधी चार दिवस मोठं जाळं ओढलं. मासेमाराने तीन माणसं आणली होती. दीर बांधावर उभे होते, जाऊ आली होती. मासे काठावर आले तेव्हा दिसायला छान होते. पोटं गोल, खवले चकचकीत. जाऊ म्हणाली, अगं बाई, केवढे! मी काटा लावला. साडेसहाशे ग्रॅम. सहाशे. सातशे. एक कटला आठशेवर गेला, तेवढाच.

“किलोचा नाई,” दीर म्हणाले. आवाजात जिंकल्याचं काही नव्हतं. थकल्यासारखेच म्हणाले.

मासेमाराला चैन पडेना. त्याचीही एक इज्जत असते. त्याने आणलेलं बीज होतं ते. त्याने एक रोहू उचलला, तिथेच फळीवर ठेवून पोट चिरलं आणि बोटांनी उघडून आम्हाला दाखवलं. आतडी दिसतच नव्हती. सगळीकडे पिवळट पांढरी चरबी, थिजलेल्या तुपासारखी.

“अंता कोव्वु,” तो म्हणाला. “सब चरबी. अम्मा, तेल कौन खिलाया इनको?”

जावेने नवऱ्याकडे पाहिलं. दीर त्या फाडलेल्या पोटाकडे पाहत होते आणि त्यांचा चेहरा हळूहळू बदलत होता. त्यांना समजत होतं. शेतकरी माणूस, दाखवलं की समजतं.

“मी,” मी म्हटलं. “माझं प्रमाण चुकलं.”

का म्हटलं ते मला आजही नीट सांगता येत नाही. चार माणसांत, जाळंवाल्यांसमोर, त्यांच्या हातून भावाचं तळं बिघडलं असं कोणी म्हणू नये एवढंच त्या क्षणी वाटलं. मासेमार माझ्याकडे पाहून हसला. “पढी-लिखी अम्मा,” तो म्हणाला, आणि मासे टोपल्यांत भरायला लागला.

दीर घरी गेले. होळी झाली, धुळवड झाली. आमच्या घरी सण नव्हताच. मुरमाचा ट्रॅक्टर कधी येतो याची मी वाट पाहत होते. तो आला नाही. सहाव्या दिवशी दुपारी दीर आले, ओसरीवर बसले, पाणी प्यायले.

“खोटं काऊन बोलल्या?” त्यांनी विचारलं.

“कशाबद्दल?”

“वहिनी, तेल माह्यं होतं. तुमाले माईत होतं. तुमी पाह्यलं होतं मले.”

“हो.”

“कवापासून?”

“कार्तिकापासून.”

ते म्हणाले, “तवाच सांगितलं असतं त म्या बंद केलं असतं ना.”

“म्हणूनच नाही सांगितलं, भाऊजी.”

त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. तिच्या घडीवरून अंगठा फिरवत राहिले.

“बोली दादासंग होती,” ते म्हणाले. “त्यात माह्याच हात गेला. हे साल धराचं नाई. अजून एक साल होऊ द्या. बांधाच्या खालून मी चर खोदतो, पाणी नाल्यात निंगून जाईन. तळं राहू द्या.”

मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. त्या सहा दिवसांत तळं बुजेल हे मी मनाने मानून टाकलं होतं, आणि मानल्यावर एक रात्र शांत झोपही लागली होती. आता पुन्हा पेंड, पुन्हा पोती, पुन्हा आषाढात बीज. मी किती थकले आहे हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. तरी मी “बरं” म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

ते उठले, पायरीपर्यंत गेले आणि थांबले.

“पण सकाळी मी काय करू?” त्यांनी विचारलं. मला विचारलं की स्वतःला, कळलं नाही.

“या ना,” मी म्हटलं. “बसा बांधावर. मीही असते तिथे. माझ्याशी बोला.”

“तुमी त उत्तर द्याल,” ते म्हणाले. “तो देत नव्हता, तेच बरं होतं.”

तळ्याचं पाणी आता काढून टाकलं आहे. तळाला भेगा पडल्या आहेत, चुना टाकायचा आहे. खायला घालायला तिथे काहीच नाही. तरी उजाडताना दीर येतात आणि कोरड्या तळ्याच्या काठावर बसतात, असं मजूर सांगतो. मी आठच्या आधी शेतात जात नाही.